सोयाबीनचा पेरा, पामतेल आणि सुमात्राची जमीन : आपल्या शिवाराचा निर्णय नक्की होतो कुठे?

मांजराकाठ · १ जून २०२५, रात्री ९:४०

परवा वडिलांचा गावाहून फोन आला. मे महिन्यातच पावसानं झोडपल्यामुळे रानात ओल आहे, बियाणं घेऊन ठेवावं म्हणतो, यंदा काय पेरावं? वडील हा प्रश्न मला विचारतात तेव्हा पोटात गोळा येतो. मी पुण्यात बसून उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचे नकाशे करतो आणि ते पंचेचाळीस वर्षं औसा तालुक्यात प्रत्यक्ष पेरतायत. पण या वेळी सांगण्यासारखं काहीतरी माझ्याकडे होतं.

२८ मेला केंद्रानं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ वरून ५,३२८ रुपये केला. दोनच दिवसांनी, ३० मेला, कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. उपकर धरून २७.५ चं १६.५ टक्के झालं. पहिली बातमी वडिलांनी पेपरात वाचली होती, दुसरी मी सांगितली. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दिवाळीला भाव पडलेलाच बघायचा." आताही आडतीत सौदे ४,३०० च्या आसपास होतायत, जुन्या हमीभावाच्याही खाली.

त्या रात्री मी माझ्या तालुक्याचे जुने नकाशे उघडले. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं २००८ पासून सगळ्यांना फुकट मिळतात, त्यामुळे मागं जाऊन बघता येतं. नव्वदच्या सुरुवातीचं आमचं खरीप म्हणजे गोधडी आहे. हायब्रीड ज्वारी, तुरीचे पाटे, मूग-उडीद, मधूनच भुईमूग, आणि रब्बीसाठी राखून ठेवलेली काळी रानं, ज्यात पुढं करडई आणि शाळू यायचा. आजचं खरीप एका रंगाचं आहे. ऑगस्टमध्ये हिरवंगार, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकदम पिवळं, पंधरा दिवसांत उघडं. सोयाबीन. राज्यात आता ४५ ते ५० लाख हेक्टरांवर हे एकच पीक उभं असतं.

मी बरीच वर्षं समजत होतो की हा बदल बियाणं आणि पाऊस या दोन गोष्टींनी घडवला. तो तेवढ्यानं झालेला नाही. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामोलीनची, म्हणजे पामतेलाच्या शुद्ध केलेल्या पातळ भागाची, आयात खुली झाली, ६५ टक्के शुल्क लावून. पुढच्या चार वर्षांत ते शुल्क १५ टक्क्यांवर आलं. स्वस्त पामोलीन बंदरात उतरू लागलं तेव्हा ज्या पिकाचं सगळं मोल तेलात आहे ते पीक हरणारच होतं. करडई, भुईमूग, जवस, कारळ ही सगळी मागं हटली. सोयाबीन मात्र टिकलं, कारण ते खऱ्या अर्थानं तेलाचं पीक नाहीच. शंभर किलो दाण्यात तेल अठरा-वीस किलो, बाकी जवळजवळ सगळी पेंड. पेंडीला कोंबड्यांचं खाद्य म्हणून देशात गिऱ्हाईक होतं, परदेशातही होतं. म्हणून मला असं वाटतं की इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरच्या पामच्या झाडांनी आमच्या शिवारातली करडई उपटली आणि तिथं सोयाबीनला जागा करून दिली. झाडं तिकडे लागली आणि रान इकडे बदललं.

जमीन वापराचा अभ्यास करणारे याला टेलिकपलिंग म्हणतात. मिशिगन स्टेट विद्यापीठातले जियांग्वो लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ही मांडणी नीट केली. मी माझ्यापुरता 'दूरबंध' म्हणतो. त्यात तीन बाजू असतात : माल पाठवणारी जमीन, माल घेणारी जमीन, आणि व्यवहारात कुठंच नसलेली पण झळ सोसणारी तिसरी जमीन. या तिसरीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

भारत जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करतो, वर्षाला साधारण ८० ते १०० लाख टन. जगातलं ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांत होतं. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली, मुख्यतः सुमात्रा आणि कालीमंतान, म्हणजे बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग, इथली. त्यातला मोठा भाग पीटचा. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साठलेला पालापाचोळा, कित्येक ठिकाणी काही मीटर जाड. लागवडीसाठी चर खणून पाणी काढलं की तो सुकतो, आणि एकदा पेटला की जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसतो. जागतिक बँकेनं त्या एका वर्षाचं इंडोनेशियाचं नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं होतं.

तर माझं म्हणणं असं आहे की लातूरच्या जमिनीचा अभ्यास फक्त लातूरचा नकाशा घेऊन करता येत नाही, आणि सुमात्रातल्या रियाऊ प्रांताचा फक्त रियाऊचा घेऊन. तुमच्याकडे काय बदललं ते लिहा. घरातलं तेल, शिवारातलं पीक, बांधावरची झाडं, काहीही. मला खरोखर हवं आहे.

शुभदाताई · १ जून, रात्री १०:२५

माझं बालपण बार्शीचं. घरात करडईचं तेल, घाण्यावरून किटलीत आणायचं. फोडणीचा वास अजून नाकात आहे. पहिलं पामतेल मी रेशनवर पाहिलं, ऐंशीच्या दशकात. थंडीत डब्यात थिजून पांढरं व्हायचं, आई डबा चुलीच्या कडेला ठेवायची. तेव्हा ते गरिबाचं तेल म्हणून नाक मुरडलं जायचं. पण दिवाळीला रेशनवर तेल आलं नसतं तर आमच्या आळीतल्या निम्म्या घरांत चकली तळली गेली नसती, हेही तितकंच खरं. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, रवा, चणाडाळ, साखर आणि तेल. त्यातलंही पामतेलच होतं.

तुमचा लेख वाचून आत्ता स्वयंपाकघरात जाऊन पाकिटं उलटी करून पाहिली. फरसाण, बिस्किटं, टोस्ट, नातवाची चॉकलेटं, अंगाचा साबण. एक सोडून सगळ्यांवर पामोलीन नाहीतर पाम. मी तळणीला शेंगदाणा तेल वापरते म्हणून मला वाटत होतं की माझ्या घरात पामतेल येत नाही. मी हे सगळं आणणं थांबवलं तर त्या जमिनीला काही फरक पडेल का? मनापासून विचारते आहे.

मुद्देसूद · १ जून, रात्री ११:१०

ताई, फरक पडेल, पण हवा तसा पडेलच असं नाही. हिशेब मांडू.

चांगल्या बागेत पाम हेक्टरी तीन ते साडेतीन टन तेल देतो. आपल्याकडे सोयाबीन हेक्टरी ११ क्विंटल धरलं तर तेल निघतं दोनशे किलो. आपण आयात करतो ते पामतेल ९० लाख टन धरा. ते सगळं देशी सोयाबीनमधून काढायचं म्हटलं तर साडेचार कोटी हेक्टर लागतील. महाराष्ट्राची सगळी कसलेली जमीन साधारण १.७ कोटी हेक्टर आहे. म्हणजे अडीच महाराष्ट्र फक्त तेलासाठी, तेही आज जे सोयाबीन आहे ते सोडून. एवढी जमीन आणणार कुठून? गायरानं, डोंगरउतार, माळरानं फोडावी लागतील. माळढोक आणि तणमोर आधीच माळांबरोबर गेले.

म्हणून "पाम वाईट, दुसरं काहीही चांगलं" हे मला पटत नाही. जगातल्या तेलपिकांच्या जमिनीपैकी दहा टक्क्यांहूनही कमी जमीन वापरून पाम तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वनस्पती तेल देतो.

मांजराकाठ · १ जून, रात्री ११:३५

हिशेब पूर्ण मान्य, आणि तो मी मूळ लेखातच द्यायला हवा होता. दोष झाडाचा नाही, झाड कुठं लावलं याचा आहे. आधीच उघड्या पडलेल्या खनिज मातीच्या रानात पाम लावणं वेगळं आणि पीटमध्ये चर खणून लावणं वेगळं. एकाच पिशवीत दोन्हीकडचं तेल मिसळून येतं आणि पिशवीवर त्यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

आडतदुकान · २ जून, सकाळी ७:१५

आमची आडत लातूरला, तिसरी पिढी. २०२१ आणि २०२२ ची हकिकत सांगतो, कारण दूरबंध म्हणजे काय ते आम्ही अंगावर घेतलेलं आहे.

ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा. पण तेव्हा माल शेतकऱ्याकडं कुठं होता? ज्यांच्याकडं दोन-पाच कट्टे शिल्लक होते त्यांनी घातले. कोंबडीवाल्यांची ओरड सुरू झाली, पेंड परवडेना. ऑगस्टच्या अखेरीस केंद्रानं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, पेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल बाजारात यायला महिनाभर उरला होता. आवक सुरू झाली आणि भाव निम्म्यावर आला.

त्या धक्क्यानं शेतकऱ्यांनी माल दाबून धरला. पुढं २०२२ च्या मार्च-एप्रिलला सात हजारांच्या वर सौदे झाले. त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली. आमच्या दुकानात दिवसाला पन्नास फोन, "शेठ, अजून वाढेल ना?" मी कुणाला थांबा म्हणालो नाही, विका असंही म्हणालो नाही. २३ मेला इंडोनेशियानं निर्यात परत उघडली. जून-जुलैत तेल कोसळलं आणि त्याबरोबर सोयाबीन. दोन वर्षं जुना माल घरात ठेवून शेवटी पाच हजारांच्या आत-बाहेर विकलेली माणसं मला नावानिशी माहीत आहेत. एकानं त्या पैशावर मुलीचं लग्न धरलं होतं.

आणि आता डीडीजीएस. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ गाळला की मागं जो चोथा उरतो तो कोंबडीला स्वस्तात पडतो. त्यानं सोयापेंडीची मागणी खाल्ली. म्हणजे पेट्रोलमध्ये काय मिसळायचं हे दिल्लीत ठरलं आणि सोयाबीनचा भाव इथं उतरला. मांजराकाठ यांनी हे घ्यायला हवं होतं, कारण सोयाबीनचा जीव पेंडीत आहे हे त्यांनी बरोबर लिहिलंय.

पेकानबारूची_वाट · २ जून, सकाळी ११:०५

मी सिंगापुरात राहते, मूळची नांदेडची. कामानिमित्त सुमात्रातल्या रियाऊ प्रांतात बऱ्याच वेळा गेले आहे. आडतदुकान यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

आधी धुराचं सांगते. २०१५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे सूर्य तांब्याच्या तबकासारखा दिसायचा. २५ सप्टेंबरला हवा इतकी बिघडली की सरकारनं शाळा बंद ठेवल्या. माझी मुलगी तेव्हा दुसरीत. दारं-खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो होतो. सिंगापुरात पामची लागवड नाही आणि आम्ही काही जाळलंही नव्हतं. मांजराकाठ म्हणतात ती तिसरी बाजू म्हणजे आम्ही. अर्थात आमचे हाल काहीच नाहीत. रियाऊमधली नि कालीमंतानमधली माणसं तोच धूर कित्येक पटींनी जास्त ओढत होती, वातानुकूलित खोलीशिवाय.

आता एप्रिल-मे २०२२. लातूरला भाव वाढेल म्हणून लोक थांबले होते, त्याच आठवड्यांत रियाऊमधला छोटा बागायतदार बुडत होता. पामचा घड तोडल्यावर साधारण चोवीस तासांत गिरणीत जावा लागतो, नाहीतर तेल खराब होतं. आपल्यासारखं कट्टे भरून घरात ठेवता येत नाही. निर्यात थांबली, टाक्या भरल्या, गिरण्यांनी घड घेणं कमी केलं आणि भाव आपटला. लोकांनी घड झाडावरच कुजू दिले. १७ मेला जकार्तात शेतकऱ्यांनी मोर्चा काढला.

इंडोनेशियातली सुमारे चाळीस टक्के पाम लागवड अशा छोट्या लोकांची आहे, दोन-चार हेक्टरवाल्यांची. मी ज्यांच्या घरी जेवले त्यांची चार हेक्टर. जावामधून सरकारी पुनर्वसनात आलेले. मुलगा इंजिनिअरिंगला. त्यांनी मला विचारलं, भारतात एवढं तेल करता काय? मी म्हटलं तळतो. ते हसले आणि म्हणाले, तुम्ही तळताय म्हणून याची फी भरतोय. त्या घरात बसून "पाम बंद करा" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. आणि त्याच गावाबाहेर काळ्या पाण्याचे चर आणि जळक्या बुंध्यांचं रान दिसतं, तेव्हा "चालू द्या" असंही निघत नाही.

शुभदाताई · २ जून, दुपारी १२:३०

बाई गं, एकाच महिन्यात इकडे थांबलेला शेतकरी आणि तिकडे कुजणारे घड. हे दोन्ही एकत्र मी कुठल्याच बातमीत वाचलं नव्हतं.

मुळा_खोरं · २ जून, दुपारी ३:५०

३२ वर्षं कृषी खात्यात होतो. मांजराकाठ यांच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण सगळं कारण आयातीवर ढकलू नका. मी गावोगावी फिरून सोयाबीनची प्रात्यक्षिकं घेतली आहेत, म्हणून सांगतो.

खरीप ज्वारी गेली कारण ती काळी पडायची. कणीस भरलं आणि परतीचा पाऊस लागला की दाण्याला बुरशी. तिला बाजारात कोण विचारणार? सोयाबीन ९५ ते १०० दिवसांत मोकळं. जबलपूरचं जेएस-३३५ हे वाण १९९४ च्या सुमारास आलं आणि शेतकऱ्यानं स्वतःहून उचललं, कुणाला सांगावं लागलं नाही. पुढं परभणीचं एमएयूएस-७१, मग कसबे डिग्रजचं फुले संगम. काढणीला मळणीयंत्र आलं. रेशनवर गहू-तांदूळ मुबलक झाल्यावर घरच्या ज्वारीची निकड कमी झाली. पाखरं राखायला घरात माणूस उरला नाही, पोरं शाळेत गेली ही चांगलीच गोष्ट झाली. आणि सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात हरभरा येतो. करडईची जागा मोठ्या प्रमाणात हरभऱ्यानं घेतली आहे, हे तुमच्या नकाशात दिसतं का?

मांजराकाठ · २ जून, रात्री ९:१५

काका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ज्वारी काळी पडण्याचा मुद्दा नकाशात दिसत नाही आणि माझ्या लेखातही नव्हता. आता मी असं म्हणेन : ज्वारी सोडायची कारणं गावात होती, पण सोडून कुठं जायचं याच्या वाटा बाहेरून आखल्या गेल्या. करडई मात्र मी अजूनही पामोलीनच्या खात्यावर मांडतो, निदान निम्मी तरी.

हरभरा दिसतो. जानेवारीचं आकाश निरभ्र असतं, त्यामुळे रब्बी ओळखणं सोपं. खरी अडचण खरिपाची. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे चित्रच मिळत नाही. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची दहा मीटरची चित्रं आली आणि ढगातूनही पाहणारं रडारचं सेंटिनेल-१ त्याच्या वर्षभर आधी आलं होतं, तेव्हापासून बरंच जमतं. तरीही सोयाबीनमधले तुरीचे पाटे निसटतात. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीची एक किंवा सहामागे दोन, अशा ओळी दहा मीटरच्या ठिपक्यात विरघळून जातात. मागच्या वर्षी माझ्या नकाशानं एक सबंध शिवार 'फक्त सोयाबीन' दाखवलं. डिसेंबरात तिथं गेलो तर तूर डोक्याएवढी उभी. तेव्हापासून मी पायी फिरून पाहिल्याशिवाय कुठलाही नकाशा बाहेर देत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः सातबाऱ्यावर पीक नोंदवतात. त्या नोंदी आणि चित्रं शेजारी ठेवली की चुका दोन्हीकडच्या सापडतात.

वेदिका_ब्रसेल्स · ३ जून, रात्री १:२०

मी बेल्जियममध्ये याच विषयात पीएचडी करते आहे. शुभदाताईंच्या प्रश्नाला अर्धं उत्तर देता येईल असं वाटतं.

एखाद्या देशाने आपली जमीन जपली म्हणजे जगातली जमीन जपली गेली असं होत नाही. व्हिएतनामचं उदाहरण आमच्याकडे पहिल्या वर्गात शिकवतात. नव्वदच्या दशकापासून तिथलं जंगल वाढत गेलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग पॅट्रिक मायफ्रॉइट आणि एरिक लांबँ यांनी २००९ मध्ये हिशेब मांडला. जेवढं जंगल परत आलं त्याच्या सुमारे ३९ टक्के तोड लाकडाच्या आयातीतून दुसऱ्या देशांवर ढकलली गेली होती. आपल्या नकाशावर हिरवं वाढलं, शेजाऱ्याच्या नकाशावर कमी झालं.

दुसरं उदाहरण तुमच्या सोयाबीनचंच, ब्राझीलचं. २००६ मध्ये तिथल्या मोठ्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की ॲमेझॉनमध्ये नवं जंगल तोडून पेरलेलं सोयाबीन घ्यायचं नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत ॲमेझॉनमधला सोयाबीनचा जवळपास ३० टक्के विस्तार ताज्या जंगलतोडीवर होत होता. २०१४ पर्यंत तो एक टक्क्याच्या आसपास आला. एवढं यश या क्षेत्रात क्वचित मिळतं, आणि ते मिळालं कारण घेणारे मोजके होते आणि उपग्रहाची नजर रोजची होती. पण शेजारचा सेराडो, म्हणजे तिथला गवताळ-झुडपी प्रदेश, या ठरावाबाहेर राहिला आणि तिथं तोड चालूच राहिली. आपल्या माळरानांसारखंच : जे 'जंगल' दिसत नाही त्याला राखण नाही. पुढं २०१८ मध्ये चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं आणि मागणी आणखी ब्राझीलकडं वळली.

आता युरोपचा २०२३ चा कायदा. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचं पाम, सोया, कॉफी, कोको, रबर, लाकूड आणि गोमांस युरोपात विकता येणार नाही, आणि प्रत्येक मालाबरोबर तो कुठल्या जमिनीवर पिकला त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलबजावणी लांबली आहे. मी या कायद्याच्या बाजूची आहे, पण दोन काळज्या आहेत. एक, स्वच्छ कागदपत्रांचं तेल युरोपात जाईल आणि उरलेलं, न विचारणाऱ्या बाजारात. सगळ्यात मोठा न विचारणारा बाजार भारताचा आहे. दुसरी, ज्याच्याकडे चार हेक्टर आहेत आणि नकाशा नाही, तो बाहेर फेकला जाईल. कोडगूच्या छोट्या कॉफी उत्पादकांनाही हाच घोर आहे.

म्हणून ताई, घरातलं तेल बदलण्यापेक्षा मोठा परिणाम "हे तेल कुठल्या जमिनीवरचं?" असं विचारण्यानं होईल, आणि ते एकट्या गृहिणीनं विचारून पुरणार नाही. रेशनसाठी, शाळेच्या पोषण आहारासाठी सरकार तेल विकत घेतं. त्या निविदेत हा प्रश्न टाकता येतो. मोठमोठ्या बिस्किट आणि साबण कंपन्यांनाही विचारता येतो.

मुद्देसूद · ३ जून, सकाळी ८:४०

निविदेत अट घातली की भाव वाढतो, आणि तो रेशनवाल्याच्या खिशातून जातो. त्याचं काय?

वेदिका_ब्रसेल्स · ३ जून, सकाळी ११:१५

योग्य प्रश्न. खर्च सरकारनं उचलला पाहिजे, रेशनवाल्यानं नाही. आज स्वस्त तेलाचा खर्च कुणीच उचलत नाही असं दिसतं, कारण तो रियाऊच्या फुप्फुसांतून आणि लातूरच्या हमीभावातून वसूल होतोय. शिवाय २०२१ मध्ये केंद्रानं देशातच पाम वाढवायला ११,०४० कोटींचं अभियान मंजूर केलं आहे, भर ईशान्य भारत आणि अंदमानवर. मिझोरमच्या डोंगरउतारावर पाणी ओढणारं पीक आणि गिरणीपर्यंत चोवीस तासांत न पोचणारा रस्ता, याचा विचार आधी व्हायला हवा. आयात थांबवताना सुमात्राचीच चूक आपल्या ईशान्येत करायला नको.

काळी_माती · ३ जून, रात्री ८:०५

सगळ्यांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, अकरा एकर कोरडवाहू. चार वर्षांपासून परत करडई करतो, दोन एकर. मोठमोठ्या गोष्टी वाचल्या, आता रानातलं सांगतो.

ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी जनावरं गेली. आमच्या घरी आठ होती, आता एक गाय. सोयाबीनच्या भुसकटावर जनावर जगत नाही. जनावर गेलं तसं शेणखत गेलं. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब दरसाल खाली. पूर्वी आमचं रान मुठीत धरलं तर लोण्यावाणी, आता उन्हाळ्यात ढेकळं फुटत नाहीत. दूरबंध का काय म्हणता ते मला असं दिसतं.

करडईला पाणी लागत नाही, मुळी खोल जाते, काट्यामुळे रानडुक्कर फिरकत नाही. काटेरी म्हणून मजूर मिळत नाही हे खरं, पण आता हार्वेस्टरनं निघते, त्यामुळे ती अडचण संपली. खरी अडचण गिऱ्हाइकाची. २०२५-२६ च्या हंगामाला हमीभाव ५,९४० जाहीर झाला, पण आमच्याकडं करडईचं खरेदी केंद्र कुठाय? व्यापारी म्हणतो माल थोडा आहे, गाडी भरत नाही. गाडी भरत नाही म्हणून भाव नाही, भाव नाही म्हणून पेरत नाहीत. मग मी घाण्यावर तेल काढून विकायला लागलो. गावात दोनशे रुपयाच्या पुढं कुणी द्यायला तयार नाही, शेजारी किराणा दुकानात पामची पिशवी. शहरात देतात, पण तिथवर पोचायचं कसं.

पेकानबारूच्या ताई, तुमच्या त्या चार हेक्टरवाल्या बागायतदाराला माझा नमस्कार सांगा.

पेकानबारूची_वाट · ३ जून, रात्री ९:५०

नक्की सांगते. त्यांना भाषांतर करून तुमचा सगळा प्रतिसाद पाठवते. त्यांचीही झाडं पंचवीस वर्षांची झालीत, उपटून नवी लावायची की दुसरं काही, याच विचारात आहेत. नवी लावली तर तीन वर्षं हातात काही नाही.

शुभदाताई · ४ जून, सकाळी ९:००

काळी_माती, आमच्या सोसायटीत डोंबिवलीला २८ घरं आहेत. रात्री ग्रुपवर विचारलं, अकरा जणींनी करडईच्या तेलाला हो म्हटलंय, महिन्याला दोन-दोन लिटर. एवढ्यासाठी पार्सल परवडतं का ते कळवा. बाकी वेदिकानं लिहिलं ते शाळेच्या आहाराचंही माझ्या डोक्यात आहे. माझी सून जिल्हा परिषद शाळेत आहे, तिथं तेल कुठून येतं ते विचारते.

मांजराकाठ · ४ जून, रात्री १०:१०

वडिलांना हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. दीड तास ऐकत होते, मधे दोनदा थांबवून आडतदुकान यांचा प्रतिसाद परत वाचायला लावला. त्या २०२२ मध्ये आम्हीही माल धरून ठेवला होता.

ठरलं ते असं. सहा एकरांपैकी साडेतीन एकर सोयाबीन-तूर, कारण घर त्यावर चालतं. एक एकर खरीप ज्वारी, फक्त कडब्यासाठी, काळी पडली तर पडो. उरलेलं दीड एकर, तिथं ते करडई म्हणतायत. काळी_माती, सोयाबीन काढून त्यावर करडई जमेल का? बी किती लागेल? आईला आठवतं तेव्हाचं बी आता घरात नाही.

काळी_माती · ५ जून, सकाळी ६:२०

जमेल, पण सोयाबीनवर करू नका, ऑक्टोबर मध्याला रान मोकळं होऊन ओल उडते. त्या दीड एकरात आत्ता मूग किंवा उडीद टाका, पोळ्याच्या आसपास निघेल. एक पाळी घालून रान राखा. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा या दरम्यान पेरा. एकरी चार-पाच किलो बी पुरतं, दोन ओळींत दीड फूट. वाण परभणीचं पीबीएनएस-१२ घ्या, विद्यापीठाच्या बीज विक्रीत मिळेल, पण आधी नोंद करा, संपतं. मावा पडतो डिसेंबरात, ढगाळ हवेत रोज कडेची झाडं बघायची.

आणि शुभदाताई, बावीस लिटर म्हणजे तुमचं पार्सल परवडतं. पण यंदाचं तेल संपलंय. नवं मार्चमध्ये.